पहिलीचं वर्ष: दिवाळी ते शिमगा पोरांचं वाचन घडतं, आणि नेमका तेव्हाच वर्ग विस्कटतो

बीड : जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचं पोर दाखल झालं की त्याचं स्वागत थाटात होतं. फुगे, गुलाबाचं फूल, कुठं बैलगाडीतून मिरवणूक, कुठं कागदावर रंगीत पावलांचे ठसे. तासाभरात फोटो गावाच्या ग्रुपवर येतात. पुढच्या जूनमध्ये तेच पोर दुसरीच्या वर्गात जाऊन बसतं. मधल्या वर्षात त्याला चार शब्दांचं एक वाक्य स्वतःहून वाचता येऊ लागलं का, याची विचारपूस मात्र गावात फारशी होत नाही. ग्रामसभेत शाळेच्या छताचा विषय निघतो, पाण्याच्या टाकीचा निघतो, संरक्षक भिंतीचा निघतो. पहिलीच्या वाचनाचा निघत नाही.

२०२५-२६ चं शैक्षणिक वर्ष या दृष्टीनं नीट तपासून पाहण्यासारखं आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम राज्यात या वर्षी पहिल्यांदा लागू झाला आणि तो सुरू झाला पहिलीपासूनच. म्हणजे पुस्तकं नवी, शिकवायची पद्धत नवी, शिक्षकांना प्रशिक्षणंही नवी. त्यात याच पोरांच्या नावानं राज्यभर भाषेचा वाद पेटला. सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी झाली. नोव्हेंबरात शिक्षकच परीक्षेला बसले. आणि त्याच महिन्यात, दरवर्षीप्रमाणे, जिल्ह्यातून कोयता निघाला.

वाद हिंदीचा, वर्ग एका गुरुजीचा

जूनमधला तो वाद आठवत असेल. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाल्यावर १७ जूनला, म्हणजे शाळा उघडून एक दिवस झालेला असताना, सुधारित निर्णय आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलांनी तशी मागणी करावी, अशी अट त्यात होती. २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

वाद महत्त्वाचाच होता, त्यात शंका नाही. पण वीस मुलांची ती अट वाचून वाडी-वस्तीवरच्या शिक्षकांना हसू आलं असेल. आपल्याकडे कित्येक वस्तीशाळांचा चार वर्गांचा मिळून पट वीस होत नाही. पहिलीत पाच पोरं, दुसरीत चार, तिसरीत सहा, असा मामला. तिथं पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसते आणि दोघांना एकच गुरुजी किंवा मॅडम शिकवतात. तिसऱ्या भाषेवर टीव्हीवर चर्चा रंगत होत्या तेव्हा या खोलीत पहिल्याच भाषेला पुरेसा वेळ मिळत नव्हता, आणि त्यावर चर्चा कुठंच नव्हती.

हा वेळ किती कमी आहे, हे साध्या हिशेबानं कळतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. म्हणजे दिवसाला चार तास. याच कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. चार वर्ग आणि दोन शिक्षक, म्हणजे एकाकडे दोन वर्ग. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काहीतरी लिहायला द्यावं लागतं. त्यामुळं पहिलीच्या वाट्याला समोरासमोर शिकवण्याचे ८०० पैकी फार तर ४०० तास येतात. त्यात मराठी आहे, गणित आहे, इंग्रजी आहे, खेळ-चित्रकला आहे. मराठीला एक तृतीयांश धरलं तरी वर्षाला १३० च्या आसपास तास होतात. हा सरकारी आकडा नव्हे, घरी बसून करता येईल असा हिशेब आहे. आणि तो शाळा सगळे दिवस भरली, दोन्ही शिक्षक रोज हजर राहिले आणि पोरगं एकही दिवस चुकलं नाही, असं धरून केलेला आहे.

पहिलीत नेमकं काय यायला हवं

बऱ्याच पालकांना वाटतं, पहिलीत मुळाक्षरं आणि शंभरपर्यंत अंक आले म्हणजे झालं. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात प्रत्येक इयत्तेची पायरी ठरवून दिलेली आहे. पहिलीच्या शेवटी मुलानं सोप्या चार-पाच शब्दांचं छोटं वाक्य, तेही आधी न पाहिलेलं, वाचलं पाहिजे. ९९ पर्यंत अंक वाचता-लिहिता आले पाहिजेत आणि साधी बेरीज-वजाबाकी आली पाहिजे. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचायचे आणि अंक ९९९ पर्यंत. तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द आणि अंक ९९९९ पर्यंत. तिसरीपर्यंत सगळी मुलं इथं पोहोचवायची मुदत २०२६-२७ ही आहे.

प्रत्यक्षात देश कुठं आहे? 'असर' या पाहणीत गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. म्हणजे कोरोनानंतर गाडी वर चढते आहे, पण चारातली तीन मुलं अजून मागंच आहेत.

यातला 'आधी न पाहिलेलं' हा शब्द पालकांनी लक्षात ठेवायला हवा. पहिलीचं पोर पुस्तकातलं पान खडाखडा म्हणून दाखवतं, घरचे खूश होतात. पण ते बहुतेक वेळा पाठ असतं. चित्र पाहिलं की ओळ आठवते. त्याच पानावरच्या ओळीच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवून 'हा कोणता?' विचारलं की पोर ओळ पहिल्यापासून मनात म्हणत तिथपर्यंत येतं. ते वाचन नाही.

वर्षाची वाटचाल

शाळेचं वर्ष खरं तर एप्रिलपासूनच सुरू होतं. 'पहिले पाऊल' नावानं शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. दाखल होणाऱ्या मुलांना उड्या मारायला लावतात, रंग ओळखायला सांगतात, वस्तू मोजायला देतात. मातांचे गट करतात, त्यांना घरी घ्यायचे खेळ समजावून सांगतात. जूनमध्ये दुसरा मेळावा होतो आणि मधल्या सुट्टीत किती फरक पडला ते पाहतात. उपक्रम चांगला आहे. ज्या गावात अंगणवाडीताई आणि पहिलीच्या बाई दोघी मिळून तो मनावर घेतात तिथं जूनमध्ये रडारड कमी असते.

वयाचाही मुद्दा आहे. राज्याच्या नियमानुसार ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. नोव्हेंबरात जन्मलेलं पोर शाळेत येतं तेव्हा साडेपाच वर्षांचं असतं, आणि त्याच्या शेजारी साडेसहाचं पोर बसलेलं असतं. या वयात वर्षभराचा फरक मोठा असतो. साडेपाचवाल्याला पेन्सिल धरायलाच दिवाळी उजाडते. त्याला 'ढ' ठरवायची घाई घरातच पहिल्यांदा होते.

पहिलं सत्र कार्यक्रमांचं असतं. २१ जूनचा योग दिन, आषाढीची दिंडी, झाडं लावणं, १५ ऑगस्ट, पोळा, गणपती, शिक्षक दिन. शनिवार 'आनंददायी' म्हणून दप्तराविना. दुसऱ्या सत्रात संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, केंद्राच्या क्रीडा स्पर्धा, बाल आनंद मेळावा, २६ जानेवारी, स्नेहसंमेलन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. शिवाय दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद.

यातलं काहीच वाईट नाही. दिंडीत पोर विठ्ठलाचं नाव घेत गाव फिरतं, त्याची भीड मोडते. बाजाराच्या दिवशी मेथीची जुडी दहा रुपयाला विकून वीसच्या नोटेतून दहा परत द्यायला शिकतं, तर त्यात गणिताचा अख्खा धडा होतो. फक्त बहुतेक ठिकाणी टोपलीमागं चौथीची पोरं बसतात आणि पहिलीची पोरं भेळ खाऊन घरी येतात. कार्यक्रम कोणासाठी आहे, फोटोसाठी की पहिलीतल्या त्या पाच पोरांसाठी, हे गावाला बघितल्यावर कळतं. ज्या शिक्षकांनी दिंडीनंतर फळ्यावर 'विठ्ठल' न लिहिता आधी 'टाळ', 'माळ', 'वारी' लिहिलं, त्यांनी दिवस वाया घालवला नाही.

कारण अडचण तिथंच आहे, जोडाक्षरांच्या कितीतरी आधी, काना-मात्रेत.

काना, मात्रा, वेलांटी: खरा चढ

मराठी वाचनाचा रस्ता साधारण असा जातो. पहिल्या सत्रात पोर अक्षरं ओळखायला लागतं. हल्ली 'अ आ इ ई' अशी ओळीनं न शिकवता जी अक्षरं जास्त वापरात येतात ती गटागटानं घेतात. 'क म ळ ब द' अशी चार-पाच अक्षरं आली की 'कमळ', 'बदक' असे बिनकान्याचे शब्द तयार होतात. गणपती-दसऱ्यापर्यंत वर्गातली बरीच पोरं इथं येतात आणि घरी सगळ्यांना वाटतं, झालं, वाचायला लागलं.

पण मोठ्या माणसांच्या वापरात नुसत्या बिनकान्याच्या शब्दांचं वाक्य सापडणं अवघड. 'आई', 'पाणी', 'शेळी', 'गाडी', 'मामा', रोजचा जवळजवळ प्रत्येक शब्द काना-मात्रा-वेलांटीचा. इथं पोराला एक नवी गोष्ट समजावी लागते. 'क' च्या पुढं दांडी आली की आवाज बदलतो, आणि वेलांटी ऱ्हस्व असेल तर ती अक्षराच्या आधी काढलेली दिसते पण म्हणायची नंतर. 'कि' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडातून आधी 'क' निघतो. मोठ्यांना यात काही वाटत नाही. सहा वर्षांच्या पोराला ते रोज, थोडं थोडं, सलग काही महिने करावं लागतं. नुसती बाराखडी घोकून ते येत नाही. बाराखडी गाण्यासारखी पाठ होते आणि समोर 'कु' लिहिलं की पोर 'क, का, कि, की' म्हणत पाचव्या जागेवर पोहोचतं.

बहुतेक शाळांत हा टप्पा दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. या चार महिन्यांत ज्याची घडी बसली ते पोर मार्चमध्ये वाक्य वाचतं. ज्याची नाही बसली ते दुसरीत जातं तेव्हा पुस्तक जाड झालेलं असतं, ओळी लांब झालेल्या असतात आणि काना-मात्रेसाठी वेगळा वेळ राहिलेला नसतो. तांड्यावरून गोरमाटी बोलत आलेल्या किंवा पारधी वस्तीवरच्या पोराला तर शब्दही नवा आणि चिन्हही नवं. त्याला हे चार महिनेही कमीच पडतात.

आणि नोव्हेंबरात काय झालं

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा आणि गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं. शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. त्या सुट्ट्या पुढं शनिवार-रविवारी भरून काढता येतात, पण कापूस-सोयाबीन गेलं ते भरून येत नाही. खरीप हातचा गेला की उचल घेतलेल्याला तर जावंच लागतं, न घेतलेलाही मुकादमाचं दार वाजवतो. गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, गेवराई इथल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेल्या.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही फडात असल्यावर पहिलीचं पोर घरी कोणाजवळ ठेवायचं? आजी असेल आणि तिच्यात ताकद असेल तर राहतं. नसेल तर जातं. तिकडं कोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळायला सहा वर्षांचं पोर म्हणजे मोठंच माणूस. आई-बाप पहाटे जातात, पोर दिवसभर कोपीपाशी. हे पोर परत येतं ते शिमग्यानंतर, कधी पाडव्यानंतर, कधी त्याच्याही नंतर. म्हणजे काना-मात्रेचे चारही महिने ते वर्गात नव्हतं. १३० तासांच्या हिशेबातले निम्मे गेले, आणि गेले ते नेमके अवघड निम्मे.

हे पोर नापास होत नाही. पहिलीत मुलाला मागं ठेवता येत नाही, आणि तसा कायदा असणं बरोबरच आहे. सहा वर्षांच्या पोराला नापास करून काय साधणार? पण 'पुढच्या वर्गात गेलं' आणि 'शिकलं' या दोन गोष्टी घरच्यांना एकच वाटतात. प्रगतिपत्रकावरूनही फरक कळत नाही. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे आणि ३० सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, आणि दोन्ही वर्गशिक्षकच तपासतात. राज्याकडून येणाऱ्या ठरावीक चाचण्या तिसरीपासून पुढं आहेत. त्यामुळं पहिलीच्या कार्डावर 'उपक्रमात उत्साहाने भाग घेते', 'स्वच्छता ठेवतो' अशा नोंदी असतात. पोर वाचतं का, हे त्यात सापडतंच असं नाही.

जे पोर गावात राहिलं त्याचा वर्ग तरी शाबूत होता का? तिथंही गडबड होतीच. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागणार. राज्याची टीईटी २३ नोव्हेंबरला झाली. वीस वर्षं नोकरी केलेले गुरुजी रात्री अभ्यासाला बसले. परीक्षा असावी की नसावी यावर मतं वेगळी असतील, पण ज्याच्या डोक्यावर नोकरीची टांगती तलवार आहे त्याचं मन फळ्यावर किती राहणार, हे कुणालाही कळेल. लगेच २ डिसेंबरला नगरपरिषदांचं मतदान आलं आणि निवडणुकीच्या कामाला शिक्षक गेले. वर्षभर मतदार यादीची कामं, यू-डायस, अपार आयडी, पोषण आहाराची रोजची माहिती, कार्यक्रमाचे फोटो लिंकवर चढवणं हे चालूच असतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देता येत नाही, असं म्हटलं जातं. पूर्ण कलम वाचलं तर त्यात तीन अपवाद आहेत. जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. दहा शिक्षकांच्या शाळेतून दोघं निवडणुकीला गेले तर शाळा चालते. दोन शिक्षकी शाळेतून एक गेला तर दुसऱ्याच्या अंगावर चार वर्ग पडतात, आणि चार वर्गांत पहिलीची पोरं सगळ्यात लहान, त्यांना गप्प बसवणं एवढंच काम उरतं. लोक 'गुरुजी शिकवत नाहीत' म्हणतात तेव्हा यातलं किती गुरुजीच्या हातात होतं, तेही मोजायला हवं. हातात असूनही न करणारे नाहीत असं नाही. गाव लहान असतं, कोण कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.

येणाऱ्या वर्षात हे कमी होईल अशी चिन्हं नाहीत. जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष माणसं मोजण्याचा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेला आहे. जून २०२६ मध्ये पहिलीत येणाऱ्या पोरांच्या काना-मात्रेच्या महिन्यांवरच तो दुसरा टप्पा येतो. नवा अभ्यासक्रमही २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीला जातो. म्हणजे दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला दोन्हीकडे नवी पुस्तकं.

सोय आहे, पण वेळेवर मागावी लागते

स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारी सोय नाही असं नाही. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृह चालतं. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते, आई-बाप गेले तरी पोराला दोन वेळचं जेवण मिळतं आणि शाळा सुटत नाही. याबद्दल जिल्ह्यात दोन जुन्या तक्रारी आहेत. मंजुरी टोळ्या निघून गेल्यावर येते, आणि काही ठिकाणी वसतिगृह कागदावर जेवढं भरलेलं असतं तेवढं प्रत्यक्षात नसतं. पहिल्या तक्रारीवर उपाय गावातून होऊ शकतो. कोणतं घर जाणार हे दसऱ्याला नाही, श्रावणातच गावाला माहीत असतं, कारण उचल तेव्हाच हातात पडू लागते. ऑगस्टच्या बैठकीत नावानिशी यादी करून प्रस्ताव गेला, तर नोव्हेंबरात पोराला ताटकळावं लागत नाही. दुसऱ्या तक्रारीवर उपाय म्हणजे समितीच्या पालक सदस्यांनी संध्याकाळी जेवणाच्या वेळी चक्कर मारणं. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. बऱ्याच गावांत त्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे सहीच्या दिवशीच समजतं.

पहिलीच्या पोराला एक अडचण मोठ्यांपेक्षा जास्त असते. सहा वर्षांचं लेकरू रात्री आईशिवाय झोपत नाही. म्हणून वसतिगृह असूनही पहिलीची पोरंच जास्त जातात. जिथं आजी-आजोबा घरी आहेत तिथं पोर रात्री घरी आणि जेवण-अभ्यास शाळेत, असं केलं की ते टिकतं.

जे पोर जाणारच आहे त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मुख्याध्यापक ते देतात. पोर कारखान्याच्या भागात जाईल तिथल्या जवळच्या शाळेनं ते कार्ड पाहून त्याला बसवून घ्यायचं, दाखल्याची अट नाही. परत येताना तिथल्या शाळेनं नोंद करून द्यायची. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना नियमित शाळेतच घालायचं ठरलं आणि त्या मागं पडल्या, त्यामुळं आता हे कार्डच हाताशी आहे. त्याच्याही मर्यादा आहेत. फड बदलला की शाळा बदलते, कोपीपासून शाळा लांब असते आणि कर्नाटकात शेजारची शाळा कन्नड निघण्याची शक्यता जास्त. तरी सांगली-साताऱ्याकडं, सोलापूर-पुण्याकडं जाणाऱ्यांनी ते घेऊनच जावं. गाडीत सामान भरताना शाळेत कुणी नसतं, म्हणून आठ दिवस आधी मागावं. कार्डावर पोर कुठपर्यंत आलंय, बिनकान्याचे शब्द वाचतं की काना कळतो, एवढं गुरुजींकडून लिहून घेतलं तर तिकडच्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

परत आल्यावरचे महिने तर आपल्याच हातात आहेत. मार्च-एप्रिलमध्ये परतलेली पोरं थेट वार्षिक परीक्षेला बसवली जातात आणि मग सुट्टी लागते. त्यांना तेव्हा परीक्षेपेक्षा काना-मात्रेची गरज असते. काही शाळा या पोरांचा वेगळा गट करून सकाळी तासभर घेतात, गावातली बारावी झालेली पोर-पोरीही मदतीला येतात. याला निधी लागत नाही, खडू आणि तासभर वेळ लागतो.

घरच्या घरी पोर कुठं आहे ते बघायला दोन मिनिटं पुरतात. पुस्तक बाजूला ठेवून कागदावर मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहा. 'आजी विहिरीचं पाणी भरते' किंवा 'मामा गाडीतून केळी आणतो'. जोडाक्षर नको. पोराला घाई न करता वाचू द्या. अक्षर ओळखतं पण काना-वेलांटी गाळतं, की शब्द वाचतं पण वाक्य काय म्हणतं ते सांगता येत नाही, हे लगेच कळतं. मग ४७ आणि ७४ लिहून कोणता मोठा ते विचारा. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या पाचवी-सहावीच्या पोरीकडून हे करून घ्यावं, तिलाही बरं वाटतं. गल्लीतल्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसणाऱ्या पोराचीही ही तपासणी करून पाहायला हरकत नाही. फी भरली म्हणजे वाचायला येतं असा बऱ्याच घरांत समज आहे.

जे दिसलं ते घेऊन शाळेत जाताना भांडायला जायचं नाही. 'गुरुजी, पोरगं कसं हाय?' असं विचारलं की 'चांगलं आहे' असंच उत्तर मिळतं. 'त्याला काना कळतो, वेलांटी कळत नाही, दिवाळीनंतर त्याच्यासाठी काय करता येईल?' असं विचारलं की गुरुजींनाही वही उघडावी लागते. हाच प्रश्न व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारला तर तो इतिवृत्तात जातो. पहिलीत किती मुलं, त्यातली किती वाक्य वाचतात, किती काना-मात्रेत अडकलीत, किती अजून अक्षरांवर आहेत, हे चार आकडे दर दोन महिन्यांनी इतिवृत्तात आले की केंद्रप्रमुखांनाही त्याच वहीवर सही करावी लागते. सध्या त्या वहीत बहुतेक ठिकाणी गणवेश, पोषण आहार आणि दुरुस्तीचे ठराव सापडतात. पुढची बैठक जुलै-ऑगस्टमध्ये असेल, टोळ्या निघायला तेव्हा तीन महिने बाकी असतील.